‘टिमिड’ कोणाला म्हणावे? वाचकांच्या शंका आणि उत्तरे

भित्रेपणा सांगणारी विशेषणे इंग्रजीत पुष्कळ आहेत आणि मराठीतही ती कमी नाहीत. गोंधळ होतो तो त्यांच्या जोड्या लावताना. ‘टिमिड’ हा शब्द आणि त्याचा गोतावळा यांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. ज्या चुका वारंवार दिसतात, त्यांच्यावरची उत्तरे साहजिकच लांबली आहेत.

शब्दकोशात ‘टिमिड’समोर भित्रा, भेकड, लाजाळू, बुजरा असे चार-पाच अर्थ असतात. त्यातला नेमका कोणता घ्यायचा? (बारावीचा विद्यार्थी, सातारा)

आधी ‘भेकड’ बाजूला काढा. एखाद्याला भेकड म्हणताना आपण त्याला दोष देत असतो: उभे राहायला हवे होते तिथून तो पळाला. ‘टिमिड’मध्ये एवढा ठपका नाही. धीर कमी आहे, पाऊल पुढे टाकण्याआधी मन कचरते, एवढेच हा शब्द सांगतो. ऐकणाऱ्याला त्यातून कधी कीव वाटते, कधी माया. राग क्वचितच येतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ‘टिमिड’ स्वभाव सांगतो, प्रसंग सांगत नाही. वीज कडाडली आणि मूल आईला बिलगले, तर ते ‘फ्रायटन्ड’ किंवा ‘स्केअर्ड’ झाले. जे मूल घसरगुंडीच्या शिडीशी दर वेळी थबकते, पाहुणे आले की दाराआड जाते, नवा खेळ असला की आधी बाजूला उभे राहते, ते ‘टिमिड’. म्हणून ‘काल अंधारात मी फार घाबरलो’ हे ‘आय वॉज व्हेरी टिमिड इन द डार्क यस्टर्डे’ असे लिहिले की इंग्रजी वाचणारा अडखळतो. तिथे ‘फ्रायटन्ड’च हवे. एक अपवाद मात्र आहे. कृतीची किंवा हावभावाची ढब सांगताना ‘टिमिड’ एकाच प्रसंगापुरता चालतो: ‘अ टिमिड नॉक’ म्हणजे दारावरची भीतभीत केलेली टकटक, ‘अ टिमिड स्माइल’ म्हणजे जेमतेम ओठांवर आलेले हसू.

मराठी प्रतिशब्द संदर्भ पाहून ठरवावा. ‘अ टिमिड चाइल्ड’ बुजरे मूल, ‘अ टिमिड डिअर’ भित्रे हरीण, ‘अ टिमिड इन्व्हेस्टर’ जोखमीला कचरणारा गुंतवणूकदार. धोरण, अर्थसंकल्प, सुधारणा यांनाही हे विशेषण लागते. ‘टिमिड रिफॉर्म्स’ला ‘भित्र्या सुधारणा’ म्हटले तर वाक्य हास्यास्पद होते. ‘हातचे राखून केलेल्या सुधारणा’ किंवा ‘कचखाऊ सुधारणा’ हे मराठी. ‘कचखाऊ’ हा आपल्या वर्तमानपत्री भाषेतला फार कामाचा शब्द आहे आणि अशा ठिकाणी तो चपखल बसतो.

मूळ लॅटिन आहे. ‘तिमेरे’ म्हणजे भिणे, त्यावरून ‘तिमिदुस’ म्हणजे भिणारा. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्यास आला. लिनियसने १७५८ मध्ये युरोपातल्या डोंगराळ, थंड भागातल्या सशाला ‘लेपुस तिमिदुस’ हे शास्त्रीय नाव दिले. आपल्याकडे ‘सशाचे काळीज’ म्हणतात. त्यामुळे हे नाव मराठी विद्यार्थ्याला लगेच लक्षात राहील. तिमोर बेटाचा मात्र या मुळाशी काही संबंध नाही. ते नाव मलय भाषेतल्या ‘तिमुर’ म्हणजे पूर्व दिशा या शब्दावरून आले आहे.

निबंधात ‘ही इज व्हेरी कावर्ड’ लिहिले तर बाईंनी ‘कावर्ड’ला लाल खूण केली. अर्थ तर बरोबर आहे! (नववी, लातूर)

अर्थ बरोबर, शब्दाची जात चुकली. मराठीत ‘भित्रा’ दोन्ही कामे करतो: ‘तो भित्रा आहे’ आणि ‘भित्र्यांनो, पुढे या’. इंग्रजीत ‘कावर्ड’ हे नाम आहे, भित्रा माणूस. नामाला ‘व्हेरी’ लागत नाही आणि एकवचनी नाम ‘अ’शिवाय उभे राहत नाही. म्हणून ‘ही इज अ कावर्ड’. जोर द्यायचा असेल तर ‘ही इज अ टेरिबल कावर्ड’. ‘ही इज अ कावर्ड पर्सन’ हेही चूकच.

विशेषण आहे ‘कावर्डली’. इथे दुसरा खड्डा आहे. शेवटी ‘ली’ दिसले की आपण त्याला क्रियाविशेषण समजतो, पण ‘फ्रेंडली’, ‘लोनली’, ‘लव्हली’ यांच्यासारखे हे विशेषण आहे. ‘अ कावर्डली अटॅक’ म्हणजे भ्याड हल्ला. हा प्रयोग बातम्यांत रोज सापडेल. ‘तो भ्याडपणे वागला’ हे मात्र ‘ही बिहेव्ड कावर्डली’ असे लिहू नये. ‘ही बिहेव्ड इन अ कावर्डली वे’ लिहावे. नाम हवे असेल तर ‘कावर्डिस’.

आणि ‘काऊ’ म्हणजे गाय इथे कुठेही नाही. जुन्या फ्रेंचमधल्या शेपटीसाठीच्या शब्दावरून हा शब्द तयार झाला: शेपूट घालणारा.

‘टिमिड’पुढे ‘ऑफ’ यावे की ‘फ्रॉम’? ‘कुत्र्यांना घाबरतो’ हे ‘टिमिड फ्रॉम डॉग्ज’ होईल का? (नाशिक)

‘फ्रॉम’ कधीच नाही. ‘कुत्र्यांपासून भीती’ या मराठी रचनेतून ते येते आणि ‘अफ्रेड फ्रॉम’ ही चूकही तिथलीच. भीती कशाची हे सांगायचे असेल तर ‘टिमिड’ मुळात सोयीचा शब्द नाही. ‘ही इज अफ्रेड ऑफ डॉग्ज’ म्हणा. ‘टिमिड ऑफ’ जुन्या लेखनात भेटतो, आज तो अवघडल्यासारखा वाटतो.

चालणारे प्रयोग तीन. एखादी कृती करायला कचरणे: ‘शी इज टिमिड अबाउट आस्किंग फॉर हेल्प’. माणसांशी वागताना बुजणे: ‘ही इज टिमिड विथ स्ट्रेंजर्स’. आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा: ‘शी वॉज टू टिमिड टू आस्क’, म्हणजे विचारायचा तिला धीर झाला नाही. या शेवटच्या रचनेत नकार ‘टू’मध्येच आहे. ‘टू टिमिड टू नॉट आस्क’ लिहिले की अर्थ उलटा होतो.

अजून एक फरक. ‘अफ्रेड’ नामाच्या आधी येत नाही. ‘ॲन अफ्रेड चाइल्ड’ ही रचना इंग्रजीत होत नाही, ‘अ फ्रायटन्ड चाइल्ड’ म्हणावे लागते. ‘टिमिड’ला हे बंधन नाही, तो नामाआधीही येतो आणि क्रियापदानंतरही.

प्राथमिक शाळेत इंग्रजीतून प्रगतिपुस्तक भरावे लागते. वर्गात अजिबात न बोलणाऱ्या मुलीसाठी ‘टिमिड’ लिहावे की ‘शाय’, की ‘इंट्रोव्हर्ट’? (शिक्षिका, नागपूर)

या प्रश्नासाठी तुमचे आभार मानायला हवेत, कारण प्रगतिपुस्तकातला शब्द मुलाला वर्षानुवर्षे चिकटून राहतो. आधी मुलगी का बोलत नाही हे पाहावे लागेल. बाहेरून तीन मुली सारख्याच गप्प दिसतात, आतले कारण निराळे असते.

पहिलीला उत्तर येते, ते बरोबर आहे याची तिला खात्रीही आहे, पण उभे राहिले की चाळीस डोळे आपल्याकडे वळतील हे तिला नको असते. ही ‘शाय’. दुसरीला उत्तर येते, पण आपले बरोबरच असेल असे तिला वाटत नाही. वहीत लिहिलेलेही ती खोडून टाकते. ही ‘डिफिडन्ट’. तिसरी उत्तर द्यायलाच नव्हे, तर प्रयोगात काडी पेटवायला, खेळात चेंडू झेलायला, मधल्या सुटीत गर्दीत डबा घेऊन जायलाही कचरते. काहीतरी वाईट होईल ही धास्ती तिला सगळीकडे असते. ही ‘टिमिड’.

‘इंट्रोव्हर्ट’ या तिन्हींहून वेगळा आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथाने रूढ केलेली ही संकल्पना भीतीबद्दल नाहीच. अशा मुलाला एकटे किंवा दोघातिघांत राहणे आवडते. वेळ आली तर ते न घाबरता बोलते. न घाबरणाऱ्या, पण कमी बोलणाऱ्या मुलासाठी ‘क्वाएट’ किंवा ‘रिझर्व्ड’ हे शब्द योग्य.

आता पुस्तकात काय लिहायचे? आमचे स्पष्ट मत असे की ‘टिमिड’ लिहू नये, आणि ‘शी इज शाय’ एवढ्यावरही थांबू नये. स्वभावाचा शिक्का मारण्याऐवजी काय दिसते आणि पुढे काय करता येईल ते लिहावे. उदाहरणार्थ: ‘शी इज क्वाएट इन क्लास, बट हर रिटन वर्क शोज दॅट शी अंडरस्टँड्स द लेसन्स वेल.’ त्यापुढे: ‘रीडिंग अलाउड इन अ स्मॉल ग्रुप विल हेल्प हर स्पीक टू द होल क्लास.’ डिफिडन्ट मुलीसाठी: ‘शी ऑफन नोज द आन्सर अँड नीड्स एन्करेजमेंट टू ट्रस्ट इट.’ यात खोटे कौतुक नाही आणि पालकांना घरी काय करायचे तेही कळते.

एक सावधगिरी. मूल घरी भरपूर बोलते पण शाळेत एक शब्दही काढत नाही, आणि शाळेचा पहिला महिना सोडून हे महिनाभराहून अधिक चालले आहे, तर ते लाजाळूपणापलीकडचे असू शकते. ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ नावाची चिंताविकाराची एक अवस्था असते. अशा वेळी विशेषण शोधत बसू नये, पालकांना बालमानसतज्ज्ञाकडे जायला सुचवावे. ‘बोल ना, तोंड नाही का’ असा सर्वांसमोर केलेला आग्रह या मुलांना आणखी मिटवून टाकतो.

‘डिफिडन्ट’ लिहिताना स्पेलिंग दोनदा तपासा. मधले ‘आय-डी’ जाऊन ‘ई-आर’ पडले की ‘डिफरंट’ होतो, आणि संगणक ती चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. लॅटिन ‘फिदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे. त्यावरून ‘कॉन्फिडन्ट’, आणि त्याच्या उलट ‘डिफिडन्ट’. ही जोडी लक्षात ठेवली की घोटाळा होत नाही.

अनुवादात ‘अ शीपिश ग्रिन’ला मी ‘शेळपट हसू’ लिहिले. संपादकांनी खोडले. मेंढीऐवजी शेळी घेतली म्हणून का? (अनुवादक, पुणे)

प्राण्यावरून नव्हे, भावनेवरून खोडले. ‘शेळपट’ म्हणजे पुळचट, लढायची हिंमत नसलेला. ‘शीपिश’ जुन्या काळी त्याच्या जवळपास जात असे, पण आज त्याचा अर्थ पक्का झाला आहे: काहीतरी वेडेपणा झाला, तो इतरांच्या लक्षात आला आणि आता कसेनुसे वाटते. यासाठी मराठीत ‘ओशाळलेला’ हा नेमका शब्द तयार आहे. ‘ओशाळे हसू’, ‘तो ओशाळून हसला’. चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधणाऱ्याचा चेहरा शेवटी ‘शीपिश’ होतो. त्याला कोणी शेळपट म्हणणार नाही.

तसेच ‘शीप’ म्हणजे मेंढरांसारखे एकामागे एक जाणारे लोक, हा अर्थ नामाला आहे, ‘शीपिश’ या विशेषणाला नाही. ‘शेळपट’साठी इंग्रजीत ‘स्पाइनलेस’ घ्या, बोलीत ‘विम्पिश’. आणि ‘भित्री भागूबाई’ आली तर ‘स्केअरडी-कॅट’. मुले मुलांना चिडवतानाचाच तो शब्द आहे, आणि सूरही तोच.

‘भिडस्त’ आणि ‘मुखदुर्बळ’ यांना इंग्रजीत काय म्हणायचे? दोन्हींना ‘टिमिड’ चालेल का? (बंगळुरू)

दोन्हींना नाही, आणि कारणे वेगळी आहेत.

‘भिडस्त’ माणूस भित्रा असतोच असे नाही. त्याला समोरच्याचे मन मोडवत नाही. उसने दिलेले पैसे मागता येत नाहीत, नको असलेले आमंत्रण नाकारता येत नाही, पंगतीत वाढपी आला की नको म्हणता येत नाही. ‘भीड ही भिकेची बहीण’ ही म्हण याच स्वभावावर आहे. याला इंग्रजीत एक पूर्ण शब्द नाही. ‘अनअसर्टिव्ह’ अर्थाने जवळ, पण रंगाने कोरडा. त्यातली आर्जवी माणुसकी हरवते. कथेत किंवा व्यक्तिचित्रात वाक्यच वापरावे: ‘ही कुड नेव्हर ब्रिंग हिमसेल्फ टू से नो टू एनीवन’. ‘टू पोलाइट टू रिफ्यूज’ हेही पुष्कळ ठिकाणी भागते. ‘पीपल-प्लीझर’ आजकाल फार ऐकू येतो, पण त्यात सगळ्यांना खूश ठेवण्याची धडपड आहे. भिडस्त माणूस धडपडत नाही; तो अडकतो.

‘मुखदुर्बळ’ची दुर्बलता फक्त तोंडात आहे. मनात विचार स्पष्ट, हातात काम चोख, पण चारचौघांत शब्द फुटत नाही. ‘टंग-टाइड’ जवळचा आहे, पण तो बहुधा एका प्रसंगापुरता असतो: मुलाखतीत गेलो आणि ‘आय वॉज टंग-टाइड’. स्वभाव सांगायचा तर ‘इनआर्टिक्युलेट’ मोह पाडतो. तो टाळावा, कारण विचारच धड मांडता येत नाही असा कमीपणा त्यात येतो. ‘नॉट मच ऑफ अ टॉकर’ हे बोलीतले आणि निरुपद्रवी. नोकरीच्या शिफारसपत्रात लिहायचे असेल तर ‘ही लेट्स हिज वर्क स्पीक फॉर हिम’. हे मात्र काम खरोखर बोलत असेल तरच.

क्रिकेटच्या समालोचनात ‘अ शाय ॲट द स्टम्प्स’ म्हणतात. यात लाजण्यासारखे काय आहे? आणि ‘थ्री शाय ऑफ अ हंड्रेड’? (कोल्हापूर)

काहीच नाही. पहिल्या प्रयोगात ‘शाय’ म्हणजे चेंडू फेकणे, यष्टीवर नेम धरून केलेली फेक. इंग्लंडातल्या जत्रांत ‘कोकोनट शाय’ नावाचा खेळ असतो. खांबांवर नारळ ठेवतात आणि लाकडी चेंडू मारून ते पाडायचे असतात. तिथला ‘शाय’ आणि मैदानावरचा ‘शाय’ एकच.

दुसऱ्या प्रयोगात ‘शाय ऑफ’ म्हणजे कमी पडणे. ‘थ्री शाय ऑफ अ हंड्रेड’ म्हणजे ९७. हा मूळ अमेरिकी बोलीतला वापर. ब्रिटिश लेखक ‘थ्री शॉर्ट ऑफ’ म्हणतील. परीक्षेत ‘शॉर्ट ऑफ’ लिहिणे सुरक्षित.

याशिवाय ‘शाय’ क्रियापद म्हणूनही येते आणि तिथे त्याचे जुने रूप दिसते. ‘द हॉर्स शाईड’ म्हणजे घोडा बुजला, एकाएकी बिचकून बाजूला झाला. आपणही बैल बुजला म्हणतो आणि त्याच क्रियापदावरून माणसाला ‘बुजरा’ म्हणतो, म्हणूनच ‘शाय’ला ‘लाजाळू’पेक्षा ‘बुजरा’ पुष्कळदा जास्त शोभतो. ‘शाय अवे फ्रॉम’ म्हणजे टाळणे, अंग चोरणे. इथे मात्र ‘फ्रॉम’ बरोबर आहे. जोडशब्दांत अर्थ आणखी सरकतो: ‘कॅमेरा-शाय’ फोटोला बुजणारा, पण ‘वर्क-शाय’ म्हणजे सरळ कामचुकार. ‘वन्स बिटन, ट्वाइस शाय’ला ‘दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात’ ही म्हण आहेच.

‘टिमिडिटी’ आणि ‘टेमेरिटी’ एकच का? कार्यालयातल्या पत्रांत ‘इंटिमिडेट’ येतो, त्याचे मूळही हेच का? (सेवानिवृत्त कर्मचारी, सोलापूर)

‘टिमिडिटी’ आणि ‘टेमेरिटी’ चक्क विरुद्ध आहेत. पहिला भित्रेपणा, दुसरा आगाऊ धाडस. ‘ही हॅड द टेमेरिटी टू क्वेश्चन द जज’ म्हणजे न्यायाधीशांनाच प्रश्न विचारण्याइतके धार्ष्ट्य त्याने केले. या जागी ‘टिमिडिटी’ पडला तर वाक्याचा पार उलटा अर्थ होतो. मुळेही वेगळी: ‘टेमेरिटी’च्या मागे लॅटिन ‘तेमेरे’ आहे, म्हणजे डोळे मिटून, बेफिकिरीने.

‘टेपिड’ हाही या गर्दीत घुसतो. तो म्हणजे कोमट. ‘अ टेपिड रिस्पॉन्स’ थंडा प्रतिसाद. ‘अ टिमिड रिस्पॉन्स’ भीतभीत दिलेले उत्तर. पुस्तक खपले नाही तर पहिला, सरकारने कडक भूमिका घेतली नाही तर दुसरा.

‘इंटिमिडेट’ मात्र ‘टिमिड’च्याच मुळाचा: भिववून टिमिड करणे, दहशत घालणे. कायद्यात ‘क्रिमिनल इंटिमिडेशन’ हा गुन्हा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत त्याची व्याख्या कलम ५०३ मध्ये आणि शिक्षा कलम ५०६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३५१ खाली आला आहे. मराठी कायद्याच्या भाषेत याला ‘फौजदारीपात्र धाकदपटशा’ म्हणतात.

पण तुमच्या पत्रांत बहुधा ‘इंटिमेट’ असायला हवा. ‘काइंडली इंटिमेट द डेट’ म्हणजे तारीख कळवावी. हा वेगळ्या मुळाचा शब्द आहे. टंकताना त्याचा ‘इंटिमिडेट’ झाला तर वरिष्ठांनी तारखेला धमकावावे अशी विनंती होते. सरळ ‘प्लीज लेट अस नो द डेट’ लिहिले की हा धोकाच राहत नाही, आणि वाचणाऱ्यालाही ते सोपे जाते.

स्पर्धा परीक्षांत ‘टिमिड’चे समानार्थी म्हणून ‘टिमरस’, ‘प्युसिलॅनिमस’, ‘क्रेव्हन’ येतात. पर्यायात बरोबर ठरतात, पण लेखनात कधी वापरायचे? (छत्रपती संभाजीनगर)

पर्यायी प्रश्नापुरते ते समानार्थी आहेत, लेखनात नाहीत. निबंधात सगळे एकाच रांगेत ओतले की परीक्षकाला पाठांतर दिसते.

‘टिमरस’ ‘टिमिड’चाच चुलत भाऊ, पण साहित्यिक. त्यात थरथर जास्त आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांनी १७८५ मध्ये नांगराखाली घर मोडलेल्या एका उंदरावर कविता लिहिली, तिच्या पहिल्याच ओळीत हे विशेषण येते. रोजच्या गद्यात त्याची गरज पडत नाही. अक्षरे पाहून ‘टिमोरस’ म्हणू नका; मधला स्वर जवळजवळ गिळला जातो.

‘प्युसिलॅनिमस’मध्ये निंदा आहे. लॅटिन ‘पुसिल्लुस’ म्हणजे इवलेसे आणि ‘अनिमुस’ म्हणजे मन, आत्मा. ‘मॅग्नॅनिमस’ म्हणजे मोठ्या मनाचा, त्याची ही उलट बाजू. मात्र म्हणून त्याला ‘कोत्या मनाचा’ म्हणू नका. मराठीत कोते मन म्हणजे संकुचित, दुसऱ्याचे चांगले न पाहवणारे. इथे उणीव धैर्याची आहे. जबाबदारीच्या जागी बसून निर्णय घ्यायला कचरणारे नेतृत्व, ते ‘प्युसिलॅनिमस’. पुन्हा ‘कचखाऊ’च. आघात तिसऱ्या अवयवावर, ‘लॅन’वर. स्पेलिंगमध्ये दोन ‘एल’ आणि एकच ‘एन’.

‘क्रेव्हन’ सर्वांत कडू. भीती आणि लाचारी एकत्र. ‘अ क्रेव्हन अपॉलजी’ म्हणजे लोटांगण घालून मागितलेली माफी, ‘अ क्रेव्हन सरेंडर’ म्हणजे स्वाभिमान सोडून पत्करलेली शरणागती. ‘क्रेव्ह’ म्हणजे हव्यास धरणे, त्याच्याशी याचा संबंध जोडू नका. लहान मुलाला, आजाऱ्याला किंवा प्राण्याला हा शब्द कधीही लावू नये. ज्याच्याकडून ताठ उभे राहण्याची अपेक्षा आहे, त्यालाच तो लागू होतो.

एका वाक्यात वापरून पाहा: रात्री आवाज आला की पांघरूण ओढून घेणारा ‘टिमिड’, गैरव्यवहार समजूनही फाइल पुढे ढकलणारा अधिकारी ‘प्युसिलॅनिमस’, आणि स्वतः वाचावे म्हणून निरपराध सहकाऱ्याचे नाव पुढे करणारा ‘क्रेव्हन’.

बातमीच्या मथळ्यात मंत्री ‘कॉय’ आहेत असे वाचले. मंत्री लाजले? (ठाणे)

लाजले नाहीत, ताकास तूर लागू दिली नाही. ‘कॉय अबाउट’ म्हणजे माहिती असूनही सांगायचे टाळणे. माणसाच्या वागण्याला ‘कॉय’ म्हटले तर त्यात लटकी लाज, आढेवेढे घेणे येते. खरोखर लाजणाऱ्यासाठी ‘बॅशफुल’ आहे, त्यात कौतुकाचा सूर असतो. कोणा स्त्रीला गुण म्हणून ‘कॉय’ म्हणू नका. त्यात नखऱ्याचा आरोप आहे.

‘मीक’ म्हणजे भित्रा का? (अहिल्यानगर)

नाही. ‘मीक’ म्हणजे सोशिक, नमते घेणारा. मत्तयच्या शुभवर्तमानात (५:५) ‘मीक’ लोक पृथ्वीचे वतन भोगतील असे वचन आहे, आणि मराठी बायबलमध्ये तिथे ‘सौम्य’ हा शब्द आहे. रोजच्या बोलण्यात मात्र त्याला थोडा कमीपणाचा वास लागला आहे. आपल्या ‘गरीब गाय’सारखा.

फ्रेंच शिकते आहे. ‘तिमीद’चे भाषांतर इंग्रजीत ‘टिमिड’ केले तर गुण गेले. (मडगाव)

फ्रेंच ‘तिमीद’ प्रामुख्याने ‘शाय’ या अर्थाने येतो. पोर्तुगीज ‘तिमिदु’चेही तसेच, आणि गोव्यात तो अनेकांच्या कानावर असतो. माणसांना बुजणे एवढेच सांगायचे असेल तर इंग्रजीत ‘शाय’ लिहा. मूळ एक असले तरी इंग्रजीने ‘शाय’ घरचा शब्द म्हणून आधीच ठेवला होता, त्यामुळे ‘टिमिड’कडे भीतीची बाजू जास्त गेली.

उच्चार आणि तुलनेची रूपे सांगावीत. (डोंबिवली)

दोन्ही स्वर ऱ्हस्व, आघात पहिल्या अवयवावर: ‘टि’मिड. ‘टायमिड’ किंवा ‘टीमीड’ नाही. नाम करताना आघात पुढे सरकतो: टि‘मि’डिटी. क्रियाविशेषण ‘टिमिडली’, तिथे आघात पुन्हा पहिल्यावर.

‘टिमिडर’, ‘टिमिडेस्ट’ ही रूपे शब्दकोशांत आहेत, पण कानाला ‘मोअर टिमिड’, ‘मोस्ट टिमिड’ बरी वाटतात, तीच वापरा. ‘शाय’ची तुलनारूपे ‘वाय’ ठेवून किंवा ‘वाय’च्या जागी ‘आय’ घालून, दोन्ही प्रकारे लिहितात. एका लेखात एकच पद्धत ठेवावी. क्रियापदाच्या भूतकाळात मात्र पर्याय नाही: ‘शाईड’, एस-एच-आय-ई-डी.